आज कंपनी कशानं बुडंल?

सकाळी शेडचं शटर वर गेलं, बायकांनी डोक्याला फडकी बांधली, भट्टी पेटली, की कंपनीचे मालक, म्हणजे सगळ्यांचे काका, मधोमध येऊन उभे राहायचे. हातात मूठभर फुटाणे असायचे. एकेक तोंडात टाकत सगळ्यांकडे बघायचे आणि विचारायचे, “सांगा. आज कंपनी कशानं बुडंल?”

पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण बायका गंभीरपणे उत्तरं देऊ लागल्या. एक म्हणाली, उंदरानं. दुसरी म्हणाली, गूळ चिकीचा आला नाही तर वड्या बसणार नाहीत, त्यानं. तिसरी म्हणाली, लाईट जाऊन. काका प्रत्येकीला मान डोलावून दाद देत होते. एकीनं काही सांगितलं तर तिला हातानंच थांबवलं. “हे काल झालं. शिळा खतरा चालत न्हाई.”

आणि या खेळाला एक नियम होता. जो खतरा सांगेल त्यानंच संध्याकाळपर्यंत त्याचा बंदोबस्त करायचा. उंदीर म्हणणारीनं मांजर आणायची. लाईट म्हणणारीनं हाताचा पंखा दुरुस्त करून भट्टीजवळ ठेवायचा. त्यामुळे तिथल्या बायका तोंड उघडण्याआधी फार विचार करायच्या. मी नवखी. माझी पाळी आली तेव्हा मोठ्या हुशारीनं म्हणाले, “पाऊस नाही पडला तर.”

“बराबर,” काका म्हणाले. “मग पाडा.”

सगळ्या बायका हसल्या. मी लाल झाले. मग काकांनीच मार्ग सांगितला. पाऊस पाडता येत नसेल तर जुनी ज्वारी कुणाकडे आहे ते तरी शोधता येईल. दुसऱ्या दिवशी मी आणि ते एसटीनं कंधारला, तिथून पुढे एका खेड्यात. तिथल्या एका म्हाताऱ्यानं अंगणातलं पेव उघडलं होतं. जमिनीखाली ठेवलेली आदल्या सालची ज्वारी. काकांनी ओंजळभर घेतली, नाकाला लावली, दोन दाणे दाताखाली फोडले आणि म्हाताऱ्याला हात जोडले. “भाकरीला सोनं हाय. लाहीला न्हाई. मातीचा वास लागलाय.” परत येताना मी म्हटलं, दिवस फुकट गेला. ते म्हणाले, “फुकट कसा? आता आपल्याला ठावं झालं ना, पेवावर भरवसा ठेवून चालत न्हाई. एक खतरा आधीच कळला.” आणि खरोखर खूश होऊन खिडकीतून बाहेर बघत बसले.

त्यांचं नाव मी इथे देत नाही. नाव दिलं की लोक गोष्ट सोडून आडनावच वाचत बसतात, आणि तेच तर पुढे सगळ्या भानगडीचं मूळ झालं.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. पाट्या रंगवणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ज्याला त्याला आपल्याला कलेक्टर ओळखतो असं वाटत होतं. माझे वडील शाळेत शिक्षक. नव्या कचेऱ्यांत भरती निघणार म्हणून त्यांनी मला बी.कॉम. केलं होतं, आणि मी जाऊन बसले औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. वडील म्हणाले, “सगळा जिल्हा सरकारी नोकरीला लागतोय आणि आमची मुलगी लाह्या फोडायला निघाली.” मी म्हटलं, फोडायला नाही, हिशेब बघायला. ते म्हणाले, लाह्यांना हिशेब असतो हे मला नव्यानंच कळतंय.

कंपनीचा माल म्हणजे ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, शेंगदाणा-तीळ-गुळाची वडी आणि राजगिऱ्याचे लाडू. तळलेलं काही नाही, मैदा नाही, रंग नाही. असल्या खाण्याला आज इंग्रजी नावं लावून दामदुप्पट किमतीला विकतात. तेव्हा लोक म्हणायचे, हे तर आमची आजी घरी करते, पैसे कशाला द्यायचे? पोरांना हवी असायची लाल-पिवळी नळी. काकांना हे ठाऊक होतं. पहिला खतरा आजी आणि दुसरा रंग, असं ते म्हणायचे.

मुळात हे डोक्यात आलं कसं, तर बहात्तरच्या दुष्काळात. काका तेव्हा सरकारी कारकून. तलावाच्या कामावर मस्टर भरायला होते. तिथे मजुरांच्या पोरांना सुकडी वाटायचे, भाजलेल्या पिठाची गोड भुकटी. हातापायाच्या काड्या झालेली पोरं ती खाऊन थोड्या आठवड्यांत मातीच्या ढिगावर उड्या मारायला लागली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर त्यांचं कारकुनीत लक्ष लागलं नाही. पुढे काही वर्षांनी राजीनामा दिला. त्यांच्या घरात धर्मांतरानंतरच्या पिढीत पहिली सरकारी नोकरी यांचीच. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि संसार त्यांच्या पगारावर चालायचा. त्या मला एकदा म्हणाल्या, “नोकरी मिळवायला आमच्या दोन पिढ्या गेल्या, आन् सोडायला यांना एक अर्ज पुरला.” बोलताना त्या वड्यांची पाकिटं मोजून पिशवीत भरत होत्या, शाळेतल्या बाईंना विकायला.

गंमत अशी की सुकडीनंच त्यांना पहिला तडाखा दिला. सुरुवातीला त्यांनी भुकटीच काढली होती, डब्यातून. लोकांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि डबा खाली ठेवला. ज्यांनी कामावर रांगेत उभं राहून ती खाल्ली होती, त्यांना पैसे मोजून ती परत घरात आणायची नव्हती. पौष्टिक आहे हे सगळ्यांना मान्य होतं. काकांनी सगळे डबे परत आणले आणि त्याच मालमसाल्याची गुळात वडी थापली. लोकांनी ती खाल्ली. “भुकटी दिसली की लोकाला दुष्काळ दिसतो,” ते म्हणायचे. नमुना म्हणून फुकट वाटायलाही त्यांची बंदी होती. फुकट दिलं की सुकडी, पैसे घेतले की खाऊ, असं त्यांचं सरळ गणित होतं.

माल विकायची त्यांची तऱ्हा बघून दुकानदार डोक्याला हात लावायचे. धर्माबादला एका दुकानात आम्ही माल द्यायला गेलो असताना एक गृहस्थ वडी घ्यायला आले. काकांनी त्यांना विचारलं, साखरेची बीमारी हाय का? असेल तर वडी घेऊ नका. दात हलतो का? मग तर अजिबात घेऊ नका. आणि शेंगदाण्यानं अंगावर पुरळ येत असलं तर या दुकानात उभंसुद्धा राहू नका. गृहस्थ घाबरून निघून गेले. दुकानदार म्हणाला, “तुम्ही माल विकायला आलात का गिऱ्हाईक उठवायला?”

वाटेत मी काकांना चांगलंच सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गिऱ्हाइकाला खतरा आपण सांगितला तर तो आपल्याकडं राहतो. त्यानं शोधून काढला तर तो त्याचा होतो, आन् मग तो गावभर वाटत फिरतो.” पुढच्या खेपेला त्या दुकानातला माल संपलेला होता. ते गृहस्थ रोज चिवडा नेत होते आणि येईल त्याला सांगत होते की हा माणूस खोटं बोलत नाही.

मला त्या माणसाचा अचंबा वाटायचा. अजून वाटतो. मी पुढे बँकेत नोकरी केली, कर्जाच्या अर्जात धंद्यातले धोके लिहायचा एक रकाना असायचा, आणि मोठमोठे कारखानदार तिथे ‘काही नाही’ असं लिहायचे. मी ते वाचून मनात काकांना हाक मारायचे.

दुसरं दुष्काळी साल आलं तेव्हा शेंगा बारीक आल्या. आत सुरकुतलेला दाणा, कुठे कुठे हिरवट बुरशी. बायका उन्हात बसून दाणा न् दाणा निवडायच्या. त्यावर काका स्वतः प्रत्येक घाण्यातून मूठभर तोंडात टाकायचे. एकदा त्यांनी चावता चावता थांबून सगळा घाणा बाजूला काढायला लावला. एक दाणा कडू लागला होता. आम्ही सगळ्यांनी चाखून बघितलं, कुणाला काही कळलं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की असली बुरशी पोटात गेली तर लिव्हर खराब होतं. त्यांनी शेडमागे खड्डा खणून तो सगळा घाणा पुरला. गवळी म्हणाला, म्हशीला तरी द्या. काका म्हणाले, “म्हशीनं खाल्लं तर दुधात उतरतंय. दूध कोण पितं? लेकरं.” गवळी बराच वेळ खड्ड्याकडे हळहळत बघत राहिला. ती शेड आता नाही, तिथे मोटारींचं वॉशिंग सेंटर झालंय. काकाही नाहीत.

त्याच साली आमच्यावर खरं संकट आलं. लोकांच्या हातात पैसा नाही, दुकानं माल घेईनात. शेड बंद करायची वेळ आली. बंद झाली असती तर सगळ्या बायका रोजगार हमीवर खडी फोडायला गेल्या असत्या, तेही काम मिळालं तर. अशात नांदेडचा एक व्यापारी आला. मोठा माणूस, पार सीमेपलीकडे तेलंगणातल्या गावांपर्यंत त्याचा माल जायचा. त्यानं वडी खाल्ली, चिवडा खाल्ला आणि म्हणाला, सगळा माल उचलतो, दर महिन्याला उचलतो. आम्ही एकमेकींकडे बघितलं. भट्टीवर उभ्या असलेल्या गोदाबाईंनी हातातला झारा खाली ठेवला.

मग तो म्हणाला, एकच किरकोळ गोष्ट आहे.

आमच्या पाकिटावर काकांचं पूर्ण नाव ठसठशीत छापलेलं असायचं. आडनावासकट. मराठवाड्यात आडनाव वाचलं की माणसाचं गावातलं घर कुठल्या बाजूला ते कळतं. व्यापारी अगदी नम्रपणे म्हणाला, नाव काढा आणि एखाद्या देवाचं चित्र टाका. मला स्वतःला काही नाही हो, पण गिऱ्हाईक. हे ‘मला स्वतःला काही नाही’ मी जन्मभर ऐकत आलेय. आमच्या घरीसुद्धा कंपनीचं पाकीट स्वयंपाकघरात जायचं नाही, व्हरांड्यातल्या कपाटात राहायचं, आणि वडील तिथेच उभ्यानं अख्खं संपवायचे.

काका रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा फुलला. म्हणाले, “खतरा एकदम बराबर सांगितला तुम्ही. आमच्याकडं एक नियम हाय. ज्यानं सांगितला त्यानंच बंदोबस्त करायचा. तर तुम्ही असं करा, तुमच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर बसून रोज एक वडी खा. नाव वाचून दाखवा आन् खा. माल मी पाठवतो.”

व्यापाऱ्याला वाटलं ही थट्टा आहे. तो हसला. काका हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून तो माणूस जीपमध्ये बसला आणि गेला. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं. आणि तेवढाच अभिमानही वाटला, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी काकांनी नेहमीसारखा प्रश्न विचारला. कुणी बोलेना. जे सगळ्यांच्या मनात होतं ते बोलायची सोय नव्हती, कारण बोललं की निस्तरायला लागणार. आणि हे कोण कसं निस्तरणार? शेवटी भट्टीवरून गोदाबाई बोलल्या.

गोदाबाईंविषयी थोडं सांगायला हवं. मराठ्यांच्या. माहेर कंधारकडचं, सासर लातूर, नवरा गेल्यावर कामाला लागलेल्या. लाही अशी भाजायच्या की एक दाणा न फुटलेला राहत नसे. पण शेडमध्ये तीन वर्षं काम करून त्यांनी तिथलं काही तोंडात घातलं नव्हतं. पाण्याचा तांब्या घरून आणायच्या, भाकरी दाराबाहेर बसून खायच्या. सगळ्यांना माहीत होतं. काकांना तर नक्कीच. मी एकदा त्यांच्याजवळ विषय काढला तर म्हणाले, त्या हात धुऊन कामाला लागतात, मीठ बरोबर टाकतात, पोटात काय घालायचं ते त्यांचं.

त्या गोदाबाई म्हणाल्या, “नावानं बुडंल.”

काका म्हणाले, “बंदोबस्त?”

गोदाबाई थोडा वेळ झारा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “कंधारच्या बाजारला चला. तिथं मला समदे वळखतेत.”

आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही टेम्पो भरून कंधारला गेलो. मागे तयार असलेला सगळा माल. तो गेला नसता तर पुढच्या आठवड्यापर्यंत शेंगदाणा खवट झाला असता आणि पुढची भट्टी पेटवायला काही कारण उरलं नसतं. बाजार पडेल होता. भाजी नावालाच, विकायला आणलेली गुरं मात्र पुष्कळ. काकांनी चादर अंथरली, पाकिटं लावली, उभे राहिले आणि खणखणीत आवाजात स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. मग गाव सांगितलं. मग म्हणाले, “मी बौद्ध हाय. माझ्या कारखान्यात हे भाजलेलं हाय. चालत असलं तर घ्या. साखरेची बीमारी असंल तर वडी घेऊ नका.”

लोक जमले. उन्हात घोळका झाला, पण हात कुणाचा पुढे येईना. काही जण गोदाबाईंना ओळखून आपसात कुजबुजू लागले. एवढ्यात घोळक्यातून एक बाई पुढे आली. गोदाबाईंच्या भावाची बायको. तिनं पाकीट उचललं, आडनाव वाचलं, ते हातातच धरून विचारलं, “वन्सं, तुम्ही खाता का हे?”

सगळा घोळका गोदाबाईंकडे बघू लागला. काका समोर बघत होते, पण हातातलं पाकीट त्यांनी तसंच धरून ठेवलं होतं. मला वाटलं, बाई, हो म्हणा. एका शब्दाचा प्रश्न आहे. कोण बघायला आलं होतं?

“न्हाई,” गोदाबाई म्हणाल्या. “आजवर न्हाई खाल्लं.”

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. दोघे-तिघे निघायला वळले. काका शांतपणे म्हणाले, “खरं हाय.”

गोदाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. खाली बसल्या. भावजयीच्या हातातलं पाकीट घेतलं, फोडलं, वडी काढली, अर्धी मोडली आणि तोंडात घातली. दात धड नव्हते, त्यामुळे त्यांना बराच वेळ लागला. माहेरचे सगळे लोक समोर उभे, आणि ही बाई मान खाली न घालता चावते आहे. मला रडू येत होतं. त्यांनी घास गिळला आणि भावजयीकडे वर बघून म्हणाल्या, “तीळ जरा जास्तीचा भाजला गं माझ्याकडनं. पण चांगली हाय.”

उरलेली अर्धी वडी त्यांनी भावजयीपुढे धरली. तिनं इकडे तिकडे बघितलं. शेजारच्या एका म्हातारीनं मध्येच हात घालून ती घेतली आणि खाऊन टाकली. मग काकांचा आवाज पुन्हा लागला आणि पाकिटं जाऊ लागली. सगळ्यांनी घेतली असं नाही. भावजयीनं घेतलं नाही, ती गेली. बरेच जण बघून निघून गेले. पण उन्हं उतरेपर्यंत चादर जवळजवळ मोकळी झाली. पुढच्या आठवड्यात भट्टी पेटणार होती.

परतताना टेम्पोत मागे रिकाम्या पोत्यांवर आम्ही तिघं बसलो होतो. रस्त्यानं धुरळा उडत होता. गोदाबाई माहेराच्या दिशेला बघत होत्या. आता त्या घरात त्यांना दिवाळीला बोलावणं येणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. रोज उठून संकटं मोजणारा तो माणूस, पण त्याचा चेहरा मी तसा उतरलेला कधी पाहिला नव्हता.

मग काका म्हणाले, “गोदाबाई, आज मला भ्या वाटलं.”

“मी न्हाई म्हणंल म्हणून?”

“न्हाई,” काका म्हणाले. “माझ्यासाठी तुम्ही खोटंच हो म्हणाल म्हणून.”

गोदाबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि टेम्पोवाल्याला हळू चालव म्हणून सांगितलं.